सात नावांची पलटण

पलटणकाकांना कुणी त्यांच्या पलटणीचं नाव विचारलं, की ते आधी उलट विचारायचे, "कोन्या सालचं?" विचारणारा गोंधळायचा. मग काका डावा हात वर करायचे, अंगठ्यापासून एकेक बोट मोडत जायचे आणि पाच बोटं संपली की उजव्या हाताची दोन घ्यायचे. सात बोटं, सात नावं, आणि पलटण मात्र एकच. ती पलटण इंग्रजांची, पायदळाची, कधीकाळी कामठीच्या छावणीत राहून गेलेली. काका स्वतः तिच्यात कधीच नव्हते. त्यांनी बंदूक हातात धरलेली मी पाहिली नाही, आणि आवाजही त्यांचा इतका हळू होता की गल्लीतली कुत्रीदेखील त्यांना ओळखीचा माणूस समजून झोपून राहायची. मी आज त्या पलटणीचं नाव इथे लिहायला घेतलं, तर मलाही त्यांचाच प्रश्न पडतो. म्हणून लिहीत नाही.

भिलाईजवळच्या चरोद्यातल्या रेल्वे वस्तीत त्यांना सगळे पलटणकाका म्हणत. नोकरी त्यांची यार्डातली, नंबर टेकरची. मालगाडी यार्डात येऊन थांबली, की तिच्या बाजूने चालत जायचं आणि प्रत्येक डब्याचा नंबर कागदावर उतरवायचा. उन्हात, पावसात, कधी एका दिवसात आठ-दहा गाड्या. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते निवृत्त झालेले होते. पण खाकी शर्ट तोच, आणि वरच्या बटणाला दोऱ्याने बांधलेली पेन्सिलही तीच. रस्त्याने चालताना त्यांची नजर सवयीने माणसाच्या तोंडाऐवजी आधी छातीवर जायची, जणू तिथे नंबर लिहिलेला असेल.

नावं बदलण्याचा हा इतिहास ते इतक्या रंगून सांगायचे की आम्हा पोरांना तो गोष्टीसारखा पाठ झाला होता. पहिलं नाव म्हणजे ज्या कर्नलने पलटण उभी केली त्याचं. कर्नल बदलला की नाव बदलायचं. याचा घोळ व्हायला लागला तेव्हा सरकारने नंबर दिला. पुढे नंबराला इंग्लंडातल्या एका परगण्याचं नाव जोडलं. मग नंबरच काढून टाकला, दुसऱ्या एका पलटणीशी हिचं लग्न लावून दिलं आणि परगण्याचं नाव तेवढं ठेवलं. मग राजा खुश झाला, पुढे 'रॉयल' लागलं. मग शेजारच्या परगण्याची पलटण हिच्यात मिसळली, नाव दोघींचं झालं. शेवटी बऱ्याच पलटणी मिळून एक मोठी झाली आणि आपल्या पलटणीचं नाव कंसात गेलं. इथे काका उजव्या हाताचं दुसरं बोट धरून थांबायचे.

"कंसात टाकलं ना, की समजून जाचं," ते म्हणायचे. "पुढच्या बारीले कंसासकट पुसतेत."

आमच्या वस्तीत बहुतेक घरं विदर्भातून आलेली, कुणी स्टील प्लांटसाठी, कुणी रेल्वेसाठी. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, दारात निळा झेंडा. अशा वस्तीत एका गोऱ्या पलटणीचं एवढं कौतुक कशाला, असं विहारातल्या तरुण मंडळींना वाटायचं. एकदा एकाने सरळ विचारलंच, "काका, तुमी त्या इंग्रजाइचे भक्त कावून झाले?"

"भक्त?" काका म्हणाले. "अरे, त्या पलटणीनं आपल्या लोकाइवर गोळ्या झाडल्या, थे बी लिहून ठेवलं आहे म्या. माह्या पणज्याले त्याइनं शिपाई नाही केलं, भांडे घासाले ठेवलं, मग रोट्या शेकाले. पर एक गोष्ट आहे. गावात त्याच्या हातचं पानी कोनाले चालत नोयतं. तिथं अख्खी मेस त्याच्या हातचं जेवे."

पणजोबांची गोष्ट कळली की काकांचा हा नाद कळत होता. पणजोबा कामठीच्या छावणीत त्या पलटणीच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. त्या काळी साहेब मायदेशी निघाला की आपल्या नोकराला एक चिठ्ठी लिहून द्यायचा: माणूस इमानदार आहे, स्वच्छ आहे, हात चांगला आहे. ती चिठ्ठी दाखवून पुढच्या साहेबाकडे काम मिळायचं. पणजोबांकडे अशा दोन चिठ्ठ्या होत्या. पहिली मिळाली तेव्हा पलटणीला नंबर होता. दुसरी मिळेपर्यंत नंबर गेला होता आणि कागदाच्या माथ्यावर नुसतं परगण्याचं नाव छापलेलं होतं. पलटण कामठी सोडून गेली, पणजोबा दोन्ही चिठ्ठ्या घेऊन नव्या बंगल्यावर कामाला विचारायला गेले. तिथल्या बाबूने त्या उलटसुलट केल्या आणि म्हणाला, या दोन वेगळ्या पलटणी आहेत; तू म्हणतोस एकाच ठिकाणी काम केलं; म्हणजे यातली एक तू विकत घेतलीस. चिठ्ठ्या विकत घेणारे तेव्हा होतेच. पणजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पलटणीचं नाव बदललं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यासाठी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत 'आपली पलटण' होती. खोटारडा म्हणून त्यांना फाटकाबाहेर काढलं. उरलेलं आयुष्य त्यांनी रस्त्याची गिट्टी फोडली.

"दोन डब्ब्याइच्या मधात कपलिंग लागते," काका म्हणायचे. "नसन तर इंजिन निंगून जाते आन मागचा डब्बा जाग्यावर ऱ्हायते. माह्या पणज्याजवळ दोन्ही डब्बे होते. कपलिंग नोयतं."

ते कपलिंग शोधायला काकांनी निवृत्तीनंतर इंग्लंडला पत्र लिहिलं. त्या पलटणीचं एक छोटं संग्रहालय आहे, असं त्यांना कुठून तरी कळलं होतं. मी तेव्हा नववीत होते. वस्तीत इंग्रजीत सर्वांत जास्त मार्क माझे, म्हणून मजकूर तपासायला मला बोलावलं. मीच काय तपासणार! 'रिस्पेक्टेड सर' तेवढं बरोबर आहे असं ठणकावून सांगितलं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात काकांनी 'छत्तीसगड, पूर्वीचे मध्य प्रदेश' असं लिहिलं होतं. राज्य वेगळं झाल्यापासून ते प्रत्येक पत्रावर असंच लिहायचे. आमचा पोस्टमन म्हणायचा, "काका, मोहल्ले का भी पुराना नाम डाल दो, लिफाफा छोटा पड़ जाएगा।"

बरेच महिने गेले. आम्ही विसरूनही गेलो. मग एक दिवस उत्तर आलं. कुणा म्हाताऱ्या निवृत्त गृहस्थांनी वळणदार अक्षरात लिहिलेलं, सोबत एक छापील पान. काका पुढे बोटांवर मोजायला लागले ती पलटणीची सातही नावं त्या पानावर एकाखाली एक होती, प्रत्येकासमोर कधीपासून कधीपर्यंत ते. काकांनी ते पान पणजोबांच्या दोन चिठ्ठ्यांशेजारी ठेवलं आणि बोट फिरवत दोन्ही नावं शोधली. एकाखाली एक, लागून होती. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, त्यांनाही दाखवलं. मग मला पत्र वाचून अर्थ सांगायला लावला. शेवटच्या ओळीत त्या गृहस्थांनी लिहिलं होतं की पलटणीसोबत काम करणाऱ्या हिंदुस्थानी नोकरांची नावं त्यांच्या दफ्तरात ठेवलेली नाहीत, याचं त्यांना वाईट वाटतं.

काकांनी पुन्हा एकदा पानावरून बोट फिरवलं. "सात नावं याइचे," ते म्हणाले. "माह्या पणज्याचं एक बी नाही."

पण ते कडवट झाले नाहीत. ते पान त्यांनी चौकटीत लावलं, दोन्ही चिठ्ठ्यांसकट, आणि भिंतीवर टांगलं. काकू चिडवायच्या, "पलटणीचे सात नावं पाठ आहेत याइले. माहे दोनच, थे बी धडपनं घेत नाहीत." त्याचीही गंमत होती. लग्नात सासरच्यांनी काकूंचं नाव सुमन ठेवलं, माहेरचं शेवंता. काका त्यांना कधीच एका नावाने हाक मारत नसत. "सुमन, शेवंता, पानी दे वं," अशी दोन्ही नावं जोडून हाक जायची. बाहेरच्या माणसाला वाटायचं, घरात दोन बायका आहेत. काकू वरून वैतागायच्या, पण एकदा मला भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "माह्या मायनं ठेवलेलं नाव आता या एकाच मानसाच्या तोंडात आहे, वैशू."

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय काका सांगून होत नाहीत.

मी बारावी चांगल्या मार्कांनी पास झाले. आमच्या घरात बारावी पाहिलेलं आधी कुणी नव्हतं. बाबा रसमड्याच्या एका कारखान्यात कामाला, आई घरी शिलाई करायची. रायपूरच्या एका कॉलेजात नर्सिंगच्या पदवीला राखीव जागेवर माझं नाव लागलं. अट एकच: कागद तपासायच्या दिवशी जातीचं मूळ प्रमाणपत्र हातात हवं. त्यासाठी आजोबा जुन्या काळापासून याच भागातले होते, हे दाखवायचं होतं. ते सोपं वाटत होतं. आजोबांचं गाव डोंगरगडच्या बाजूचं, आपल्या राज्यातलंच. गावच्या शाळेच्या जुन्या दाखल-खारिज रजिस्टरात त्यांचं नाव सापडलं. बाबांनी नक्कल आणली. तिच्यावर लिहिलं होतं: उकंड्या वल्द लछमन शेंडे.

आणि आम्ही नागपुरे.

झालं होतं असं. बाबासाहेबांच्या मागे सगळ्यांनी धम्म घेतला, तेव्हा आजोबांनी उकंड्या हे नाव टाकलं आणि उत्तम घेतलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते प्लांटच्या बांधकामावर मजुरीला आले. ठेकेदाराच्या मुनशीने विचारलं, "किधर का है?" आजोबा म्हणाले, "नागपूर लाइन का, साहब." गाडी त्या लाइनवरून आलेली, म्हणून तसं म्हणाले. नागपूर त्यांनी तोवर पाहिलंही नव्हतं. मुनशीने हजेरीत लिहिलं: उत्तम नागपुरे. आजोबांनी दुरुस्त केलं नाही. नव्या गावात कुणीतरी आपलं नाव लिहून घेतलं, उकंड्या न म्हणता लिहून घेतलं, यातच त्यांना समाधान होतं. तेच नाव गेटपासवर, रेशनकार्डावर, बाबांच्या शाळेत आणि माझ्या मार्कशीटवर उतरलं. आजोबा तर मी लहान असतानाच वारले होते.

दुर्गच्या दफ्तरात बाबूने ती नक्कल आणि आजोबांचा गेटपास शेजारी ठेवले. माणूस वाईट नव्हता. "देखो बेटा," तो म्हणाला, "ये उकंड्या शेंडे, ये उत्तम नागपुरे। ये दो आदमी हैं। इनमें से तुम्हारा दादा कौन है, पहले वो तय कर लो।"

मागच्या रांगेतले लोक हसले. बाबाही हसल्यासारखं करून बाहेर आले.

बाहेर झाडाखाली बसणाऱ्या अर्जलेखकाने उपाय सांगितला. स्टँपपेपरवर एखाद्या म्हाताऱ्याचं शपथपत्र करा: मी गावात यांच्या आजोबांसोबत शाळेत होतो, उकंड्या म्हणजेच उत्तम, मी ओळखतो. "कोई बुज़ुर्ग साइन कर दे, बस। कौन पूछने आता है?" त्याने मजकूर टाइप करूनही दिला. सही करायची जागा तेवढी कोरी. आमच्या ओळखीत म्हातारा, सरकारी पेन्शन असलेला, ज्याच्या शब्दाला वजन आहे असा एकच माणूस होता. आजोबांचा मित्रही होता. वय आजोबांपेक्षा बरंच कमी. पण कागद बघणारा वय मोजत बसत नाही, असं अर्जलेखक म्हणाला. तपासणीला आठ दिवस उरले होते.

काकांनी अंगणातल्या खाटेवर बसून शपथपत्र शेवटपर्यंत वाचलं. मग चष्मा काढला.

"हे मले नाही जमन, भाऊ," ते बाबांना म्हणाले.

"एक सही तर आहे, भाऊ."

"सही नाही, गवाही आहे. म्या उकंड्याले नाही पाह्यलं. त्या गावात म्या पाय नाही ठेवला. म्या उत्तमले पाह्यलं, इथं, चरोद्यात. उत्तमबद्दल लिहा, दहा जागी सही करतो."

"उत्तमचं काय करू? थे तर त्याइले मालूमच आहे."

"गावी जाऊ. कोनीतरी असन ज्यानं दोन्ही पाह्यले. खरं कपलिंग शोधू."

"आठ दिवसांत?" मी म्हणाले. मग जे बोलले ते आजही तसंच्या तसं आठवतं. "काका, तुमच्या गोऱ्या पलटणीसाठी तुमी इंग्लंडले चिठ्ठ्या लिहिता. आमच्यासाठी एक सही नाही होत? तुमच्या पणज्याले त्या बाबूनं खोटारडा म्हनून हाकललं. त्या दिवशी त्याच्यासाठी कोनी अशी एक सही केली असती तर? त्यानं गिट्टी नसती फोडली!"

बाबांनी माझा दंड धरला. काकू दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. काकांनी कागदाची घडी घातली आणि परत द्यायला हात पुढे केला. पण मी तोवर फाटकाबाहेर पडले होते. कागद त्यांच्याच हातात राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून काका घरी नव्हते. काकू म्हणाल्या, गाडीने गेले, कुठे ते नीट सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या दारात आले, धुळीने भरलेले. "उद्या सकाळच्या गाडीनं चाल माह्यासोबत," ते मला म्हणाले. "एक बुढी आहे."

ती बुढी म्हणजे आजोबांची आतेबहीण, ऐंशीच्या पुढची. गावाच्या टोकाला सुनेकडे राहत होती. काकांनी आधीच पटवारी, गावचा चौकीदार म्हणजे कोटवार, आणि दोन पंच यांना बोलावून ठेवलं होतं. पटवारी येईपर्यंत आम्ही पारावर बसून राहिलो. काकांनी मला आधीच बजावलं होतं, "तू काई बोलू नको. तिच्या तोंडात आपन शब्द टाकाचा नाही."

पटवारी आल्यावर काकांनी विचारलं, "आजी, उत्तम नागपुरे मालूम आहे का तुमाले?"

"नाही बा," आजी म्हणाली. "कोन थो?"

काकांनी तेवढ्याच शांतपणे पुढचं नाव घेतलं.

"उकंड्या?"

आजीने मान वर केली. "उकंड्या! माह्या मामाचा पोरगा! थो भिलाईले गेला ना प्लांटात. एक बारी दिवाळीले आला आन म्हने, मले आता उत्तम म्हना. आमी सारे हासलो. म्या म्हटलं, बापा, नाव बदलवलं, पर तोंड तर थेच आहे!" मग ती माझ्याकडे वळली, बोटाने माझी हनुवटी धरली आणि पटवाऱ्याला म्हणाली, "पाहा, हिचं बी थेच आहे."

पटवारी हसला. त्याने हिंदीत पंचनामा लिहिला. काकांनी त्याला थांबवून सांगितलं, "साहब, जैसा बोली वैसा लिखिए। हँसे थे, वो भी लिखिए।" त्याने खरंच तेही लिहिलं. आजीने अंगठा दिला. परत येताना गाडीत मी खिडकीबाहेर बघत होते. काकांनी डब्यातून भाकरी काढून अर्धी माझ्यापुढे धरली. मी घेतली.

पंचनामा झाला, पण पुढे त्यावर आणखी दोन सह्या लागल्या, एक साहेब दौऱ्यावर, मध्ये दोन सुट्ट्या. प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा तपासणीचा दिवस होऊन चार दिवस झाले होते. जागा पुढच्या मुलीला गेली होती. कॉलेजातल्या बाईंनी दोनदा यादी बघितली आणि 'पुढच्या वर्षी ये' म्हणाल्या.

काकांना ते मी सांगायला गेले नाही. ते स्वतः आले. उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "पोरी, तुह्यं एक साल म्या खाल्लं." आईने त्यांना आत बोलावलं, चहा ठेवला. मी मागच्या दाराने बाहेर गेले.

आमच्याच वस्तीतल्या दोघांनी त्या वर्षी अशीच शपथपत्रं केली होती, कुणाच्या तरी सहीने. त्यांचं काही बिघडलं नाही. दोघेही आज नोकरीत आहेत, भेटले की हसून बोलतात. हे मी मुद्दाम लिहिते, कारण काका बरोबर होते आणि बाकी सगळ्यांना शिक्षा झाली, अशी ही गोष्ट नाही.

ते वर्ष मी विहारात लहान मुलांची शिकवणी घेतली. काका रोज पाचला यायचे, मागच्या भिंतीला टेकून बसायचे आणि मुलांच्या पेन्सिली छिलून द्यायचे. कुणी सांगितलं नव्हतं. एकदाही चुकले नाहीत. पहिले दोन महिने मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचे. मग एक दिवस एका मुलाने पलटणीचं नाव विचारलं, काकांनी डावा हात वर केला, आणि सहाव्या नावापाशी ते अडखळले. मीच पुढचं सांगितलं. ते हसले, मीही हसले. तेवढ्यावर आमचं पुन्हा सुरू झालं.

पुढच्या वर्षी मला जागा मिळाली. प्रमाणपत्रावर लिहिलं आहे: नागपुरे, पूर्वीचे शेंडे. बाबूने 'उर्फ' लिहिलं होतं. काकांनी त्याच्याशी पाऊण तास हुज्जत घालून ते बदलून घेतलं. 'उर्फ' चोरांचं असतं, म्हणाले. चार वर्षं रायपूरला काढली. वसतिगृहात काकांची पत्रं यायची, एका पानाची, यार्डाच्या रिपोर्टसारखी: पाऊस पडला, बाबांची तब्येत ठीक, काकू पाय घसरून पडली पण मोडलं नाही. पदवीचा निकाल लागला तेव्हा घरी कळवल्यावर दुसरी खबर त्यांनाच दिली.

मी नोकरीला लागले त्या पहिल्या वर्षातच त्यांचा दमा वाढला. एका रविवारी भेटायला गेले तेव्हा ते उशांना टेकून बसले होते. मी सवयीने नाडी बघितली, पायांवरची सूज बघितली, आणि मला जे कळायचं ते कळलं. त्यांनाही माझ्या तोंडावरून कळलं असावं. काकू चहा करायला उठल्या तसं ते म्हणाले, "वैशू, एक गोष्ट सांगाची आहे."

"सांगा ना."

"त्या दिवशी तू बोलून गेली ना, थो स्टँपपेपर माह्याजवळच होता. म्या सही केली होती."

मला कळेना. "कोणती सही?"

"थेच. उकंड्यासोबत शाळेत होतो म्हनून. दुसऱ्या दिवशी सकाळी केली. खिशात टाकला आन तुमच्या घराकडे निंगालो. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी लागली होती. लंबी. उभ्या उभ्या डब्बे मोजत बसलो, आदतच आहे. चाळीस, पन्नास, गाडी सरेचना. मोजता मोजता मन फिरलं. फाटक खुललं तवा मी तिकडे न येता स्टेशनावर गेलो. कागद रुळावर फाडून टाकला." त्यांनी दम घेतला. "फाटक खुलं असतं ना, तर सही तुले देऊन टाकली असती. तू त्याच साली गेली असती."

एवढी वर्षं मी त्यांना माफ केलं होतं ते एका पक्क्या माणसाला केलं होतं, जो आपल्या शब्दावरून हलत नाही. असा हललेला, फाटकापाशी उभा राहिलेला म्हातारा माझ्या मनात कधी नव्हता. त्यांनी हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं. मला काही कळलं नसतं आणि ते माझ्या नजरेत तसेच उंच राहिले असते.

"राग आला?" त्यांनी विचारलं.

"आला."

"किती?"

"एका सालाचा."

ते हसले, खोकला येईपर्यंत हसले. मी पाठीवर हात ठेवून त्यांना पुढे वाकवलं. श्वास थोडा सुटा झाल्यावर म्हणाले, "बरोबर. तेवढाच हक्क आहे तुहा. जास्त नको ठेवू."

काकू चहा घेऊन आल्या. आम्ही तिघांनी तो प्यायला. पंधरा दिवसांनी ते गेले. मी पोहोचेपर्यंत सगळी वस्ती अंगणात जमली होती. काकूंच्या शेजारी जाऊन बसले, आणि राग शोधला तर तेवढाही सापडला नाही.